‘शांत’ या शब्दाची विल्हेवाट

मी, वय एकाहत्तर, गुन्हेगारीशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. पुढचं वाचून तो लागेलच.

१. राहतं घर धाकट्या भावाला. मागच्या खोलीची भिंत मात्र पाडू नये. कारण कलम ३ मध्ये.

२. पुस्तकं विद्यापीठाला. माझी मोडकी खुर्ची माजी विभागप्रमुखांना. तिच्यावर त्यांचा फार वर्षं डोळा होता, आता बसा म्हणावं.

३. मुलाखतींच्या कॅसेटी भावाच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला. खरी इस्टेट हीच. बत्तीस वर्षांपूर्वी एकांत कोठडीतल्या एका कैद्याला मी भेटत असे. कोठडीत टाकण्याआधी तो सगळ्यांचे अर्ज लिहून द्यायचा, म्हणून त्याला मास्तर म्हणत. पहिल्याच भेटीत म्हणाला, “बाई, संध्याकाळच्या मोजणीला ‘हजर’ म्हणायचं, एवढंच बोलणं उरलंय. तुम्ही तरी काही विचारा.” सातव्या भेटीत तो बोलेना. अहवालात कैद्याच्या स्थितीचा रकाना लहान होता, मला घाई होती. मी लिहिलं, ‘शांत’. एकांताने कैदी निवळतो, ही माझी शिफारस त्या शब्दावर उभी राहिली आणि शिफारशीवर चौदा तुरुंगांत तशाच कोठड्या. मास्तर त्याच कोठडीत वारला. तो शांत नव्हता हो, तो संपत होता. माझं चुकलं.

सातव्या कॅसेटमध्ये माझे प्रश्न आहेत, पुढे नुसती खरखर. गेल्या वर्षापासून त्या खरखरीत ‘हजर’ ऐकू येतं. आता यंत्र बंद असलं तरी संध्याकाळी सहाला ते भिंतीतून येतं. मला भीती वाटते. पण भिंत पाडली तर तो जाईल कुठे?

४. बँकेतल्या शिल्लकीतून भाचीने माझा अहवाल दुरुस्त करून छापावा आणि चौदाही तुरुंगांत पोचवावा. ‘शांत’ खोडून ‘बोलणं बंद झालं’ असं लिहावं. ती म्हणते, “आत्या, एका शब्दाने काय होणार गं?” अगं बाई, एका शब्दानेच तर झालं सगळं!

साक्षीदार : शेजारीण, निवृत्त परिचारिका (सही). त्याच तुरुंगातले निवृत्त हवालदार (सही).

ठिकाण : मागची खोली. सतरा तारीख, मंगळवार, संध्याकाळी सहा.

ता. क. सहीआधी हवालदारांनी जुन्या सवयीने खोलीतली माणसं मोजली. आम्ही तिघं होतो. ते “चार” म्हणाले, पुन्हा मोजलं, आणि मान खाली घालून सही केली. या वेळी जे घडलं तेच लिहिते.

हजर : चार.

(सही)