रिकामी वाटी

शुक्रवार, दिवेलागण

शेजारच्या हंसाबेनना ताप आहे. त्यांची वाटी परत करताना आईने त्यात काय ठेवलं, तर अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या! स्वतःचा कोर्स अर्धवट सोडून राखलेल्या.

मी किती ओरडले! हाटकेश भागातल्या आमच्या लॅबमध्ये रोज हेच तर बघते. औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंच्या आडोशाने शेजारचे लेचेपेचेही तगतात, त्यांची युक्तीसुद्धा उचलतात.

"म्हणजे शेजारधर्म पाळतात की," आई म्हणाली. मी गोळ्या काढून घेतल्या, तर तिचा चेहराच पडला. "रिकामी वाटी कशी देऊ गं?"

शेवटी मीच वाटीत गरम खिचडी भरली, हंसाबेनना डॉक्टरकडे नेलं. आई नोकरीला जायची तेव्हा शाळेतून आल्यावर मी त्यांच्याकडेच जेवायचे.

मीही तशीच तगले ना, आडोशाने?