ऋषीच्या भाजीतलं भेकर

मढ, १२ जुलै १९९८

चि. सौ. साळूस, अनेक आशीर्वाद.

वि. वि. इथं ठीक. मंचरला तुझा आदेश आणि सूनबाई मजेत असतील. तुझी वहिनी गेल्यापासून घर लई मोठं वाटतं. पण ऋषीपंचमीच्या भाजीची काळजी करू नको. इंद्रायणी दरसाल पिशवी पाठवायची, औंदा मी पाठवीन. भागूची बैलजोडी आणून, न्हाणीमागं बैल वळेनात तेवढं सोडून, सगळं परस नांगरून घेतलं, माठ-भेंडी लावली. फक्त एक भेकर रानातून उतरतं आणि कोंब खुडून जातं. त्याला बघून घेतो.

आठवण ठेवणारा,
दादा

मंचर, १८ जुलै

ती. दादास साळूचा शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून हसू आवरेना. अरे, साठी उलटली तरी आपल्या घरची रीत तुला ठाऊक नाही? ऋषीला बैलाच्या कष्टाचं चालत नाही! म्हणून तर वहिनी न्हाणीमागचा तुकडा कुदळीनं खणायची. नांगरलेलं तू खा, नि तेवढा तुकडा हातानं खण.

चेष्टा राहू दे. वहिनी गेली की माहेर सरलं, असं इथं बायका म्हणतात. पिशवी आली की त्यांना दाखवता येईल. दुसरं काही नको मला.

मायेत अंतर देऊ नकोस.
साळू

मढ, ९ ऑगस्ट

चि. सौ. साळूस आशीर्वाद.

कंबर मोडली, पण खणलं. माठ टरारून आला, वहिनीचं जुनं अळूही फुटलं. आता गंमत बघ, भेकराला सगळं परस मोकळं, पण त्याला तुझाच तुकडा गोड लागतो! डबे वाजवले, बुजगावणं केलं. इंद्रायणीच्या जुन्या साड्या भोवती बांधल्या. भेकर काय भ्यालं न्हाई. मीच सकाळी पदर हललेला बघून दोनदा हाक मारली.

आता हट्टाला पेटलोय. पुढच्या सोमवारी वाडीतला धर्माजी तारेचा फास लावून देणार आहे. काही झालं तरी तुझी पिशवी येणार.

तुझा दादा

मंचर, ११ ऑगस्ट

ती. दादास शि. सा. नमस्कार.

पत्र वाचलं नि ताट सारून लगेच लिहायला बसले. ज्या दिवशी आपण बैलाचे कष्टसुद्धा खात नाही, त्या दिवसाच्या भाजीसाठी जनावराला फास लावणार? पिशवी नाही आली तर बायका चार दिवस बोलतील. बोलू देत. मला वाईट वाटेल, खोटं कशाला सांगू, लई वाटेल. पण फास लावू नकोस. तुला माझ्या गळ्याची आण आहे.

उलट टपाली कळव.
साळू

मढ, २० ऑगस्ट

चि. सौ. साळूस आशीर्वाद.

पत्र वेळेवर मिळालं. धर्माजीला परत पाठवलं. तो म्हणाला, राव, मग भाजी विसरा. तसंच झालं. परवा उजाडताना मागं गेलो तर भेकर आत उभं, सोबत पाडस. हातात काठी व्हती, पण उगारली न्हाई. दोघांनी माठ खाल्ला, भेंडीचे शेंडे खाल्ले नि निवांत निघून गेली. मला राग यायला हवा होता, आला नाही. इंद्रायणी गेल्यापासून या घरी कुणी पोटभर खाल्लेलं मी बघितलं नव्हतं.

अळू तेवढं उरलंय. खाजरं म्हणून तोंड लावलं नसेल. पिशवी भरायची नाही, दोन ताटांपुरतं होईल.

तुला माहेरी वहिनीच बोलवायची. मी नुसता एसटीत बसवून द्यायचो. या वेळी मी बोलावतो. ऋषीच्या आदल्या दिवशी, गणपती बसला की लगेच ये. भाजी मला येत नाही, चूल पेटवून ठेवतो.

स्टँडवर वाट बघणारा,
दादा