पितळी लोट्याच्या रेघा

लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
मंगळवार, २५ नोव्हेंबर

तेजूला आजीचे आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. तुझ्या आईने, अलकाने, मेथी पुन्हा खारट केली. मी बोलले नाही, तर तीच विचारते, तब्येत बिघडली का. समोरच्या भिकनचे लूम तीन दिवस बंद आहेत, त्या शांततेत मला बसवत नाही. सकाळपासून चार वेळा उठून दाराची कडी बघून आले.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर माझं तोंड आधी भांडतं. आणि हे काम कागदाचं आहे.

रविवारी तू फोनवर सांगितलंस, ऑफिसातला सरावाचा फुगा हवा भरताच गळला, चांदीचा थर सरळ रेघांत तडकला, आणि आळ तुझ्याबरोबर काम करणाऱ्या मोहितवर आला, कारण शेवटचा हात त्याचा. गुरुवारी साहेब त्याला काढणार. "जाऊ दे ना आजी," म्हणालीस.

दिवाळीत तू मला तो फुगा दाखवला होतास. निम्मा काचेसारखा, निम्मा चांदीचा. एवढ्याशा डब्यात मावतो, वर गेल्यावर चिमूटभर भुकटीची वाफ होऊन पाण्याच्या टाकीएवढा फुगतो, मग छोटा उपग्रहही लांबून बोलतो. अँटेनाची लोखंडी थाळी कोण वाहून नेणार, म्हणालीस. ते पटलं. तुझी घडी नाही पटली. ढिली, गोलगोल, पोराच्या लंगोटासारखी. मी एकोणतीस वर्षं कारखान्यात धोतरांच्या घड्या घातल्या. अशी घातली असती तर मुकादमाने तोंडावर फेकली असती.

दूध उतू गेलं. गॅस पुसून आले.

तू नेपानगरला शीतलकडे फराळाला गेलीस त्या दुपारी मी डबा उघडला. फुगा पाटावर पसरला, काठाला काठ लावला आणि प्रत्येक मोडीवर पितळी लोटा दाबून फिरवला, कोऱ्या कापडावर फिरवतात तसा. चर्र वाजलं. कापड असं वाजत नाही. खिडकीशी धरलं तर रेघांतून केसाएवढा उजेड आरपार.

मग उलगडून तुझ्यासारखा ढिला गुंडाळून ठेवला. संध्याकाळी तू विचारलंस, "डब्याला हात नाही ना लावला?" मी म्हणाले, "मला काय करायचाय तुझा फुगा." खोटं बोलले.

साहेबांना न विचारता तू तो घरी आणलेला. ते त्यांना सांगितलंस का, असं रविवारी विचारलं तर सिग्नल नाही म्हणून फोन ठेवलास. उपग्रहाचं काम करणारीला सिग्नल नाही. रेघा बघूनच तू ओळखलं असशील. माझ्या घड्या तू रांगत होतीस तेव्हापासून बघतेस.

मला वाचवत असशील तर नको. मला कोण कामावरून काढणार? स्वतःला वाचवत असशील, तर ते तू माझ्याकडूनच शिकलीस, म्हणून रागावत नाही. तुझी नोकरी जाईलही. पण मोहितची जाऊ दे म्हणताना तुझी जीभ अडली नाही.

अलका या कागदाचा फोटो काढून पाठवील. वाचेलच ती, वाचू दे. उद्या संध्याकाळपर्यंत साहेबांना दाखव. डब्याच्या झाकणावर तुमच्या ऑफिसचा नंबर होता, तो मी त्याच दुपारी उतरवून ठेवला. तेव्हा कशाला उतरवते ते कळलं नव्हतं.

अंगठा नाही लावत. सही करते, म्हणजे साहेबांना नाव वाचता येईल.

फुगा मोडणारी,
धुरपदाबाई देवराम