बाबांच्या झाडाचा बाप

ऑरेंज हिल, ४ मार्च २०१९

चि. लिनवल यास, अनेक आशीर्वाद.

बसवाल्याबरोबर बाबांच्या गांजाचं बी, वाळलेली पानं आणि भाजलेलं ब्रेडफ्रूट पाठवलंय. ब्रेडफ्रूट तुझं, बाकीचं तुझ्या वाण-नोंदणी कचेरीचं. उलट करू नकोस. नोंदणीच्या अर्जात 'शुद्ध सॅटिव्हा, उंच, अरुंद पानांचं' असं लिही. नाव बाबांचंच, 'अल्फान्सो'. या झाडापायी बाबा अठरा महिने तुरुंगात होते. आता सरकारच परवाने देतंय, तर सरकारी कागदावर त्यांचं नाव एकदा तरी आरोपी सोडून दुसऱ्या रकान्यात यावं.

गुडघा दुखतो. लोभ आहेच, पत्रही येऊ दे.

तुझी ताई,
इसिल्डा

किंग्स्टन, १९ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

ब्रेडफ्रूट कचेरीनेच खाल्लं. झाडाचं मात्र अवघड आहे. नुसती पानं बघून आम्ही जात ठरवत नाही, पानं फसवतात. तपासणीत आपलं झाड संकरित निघालं: अर्धं उंच सॅटिव्हा, अर्धं बुटकं, रुंद पानांचं इंडिका. म्हणूनच ते वादळांच्या आधी, तीन आठवडे लवकर तयार होतं. बाबा म्हणायचे, ही माझ्या हाताची शिस्त.

दुसऱ्या झाडाच्या मालकाची सही लागेल. तसं झाड डोंगरावर एकट्या शेजारच्या एगबर्टकाकांकडे होतं. मुदत ३० एप्रिल. रागावू नये, ही विनंती.

तुझा,
लिनवल

ऑरेंज हिल, २५ मार्च

चि. लिनवल यास, आशीर्वाद (थोडे).

एक्क्याण्णव साली बाबांच्या फुलांत बी भरलं आणि बी भरलेल्या गांजाला भाव नसतो म्हणून पीक वाया गेलं, तेव्हा तू पाळण्यात होतास. बाबा म्हणाले, एगबर्टने नर झाडं उपटली नाहीत, पराग इकडे उडाला. एगबर्टने चारचौघांत शपथ घेतली की एकूण एक उपटली. वीस वर्षं एका टेबलावर डॉमिनो खेळलेली माणसं पुन्हा बोलली नाहीत. बाबांच्या अंत्यविधीला तो रस्त्यावरच उभा राहिला. आता मी त्याच्या दारात सही मागू? तुझ्या यंत्राला पुन्हा विचार.

इसिल्डा

किंग्स्टन, २ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

यंत्राला दोनदा विचारलं, ते बधत नाही. पण एक ऐक. संकर वाऱ्याने केला. पुढे पंधरा वर्षं दरसाल उंच, सुवासिक, लवकर येणाऱ्या झाडांचंच बी बाबांनी राखलं, म्हणून आज सगळी रोपं एकसारखी येतात. वाण तयार करणारे तेच. त्या रकान्यात बाबांचंच नाव जाईल. फक्त सही हवी.

गुडघ्याला शेक दे.

तुझा,
लिनवल

ऑरेंज हिल, १४ एप्रिल

चि. लिनवल यास, अनेक आशीर्वाद.

त्याच्याकडे जाऊन आले. एगबर्ट एक्क्याऐंशीचा झालाय. त्याला वाटलं, मी त्याच्या बकरीची तक्रार घेऊन आले. त्याने अर्ज चष्मा लावून वाचला, मग काढून वाचला. सही नाही केली तर काय होईल, म्हणाला. मी म्हटलं, बाबांचं नाव लागणार नाही. मग यातली आई कोण, असं विचारलं. आमचं झाड, म्हटलं. म्हणजे बाप माझं, असं म्हणून त्याने तळलेल्या डंपलिंगची ताटली माझ्यापुढे सरकवली.

मग म्हणाला, बियाण्यासाठी एक नर ठेवला होता, रविवारी उपटणार होतो. शपथ घेऊन बसलो, मग मागे घेता येईना. तुमच्या फाटकापर्यंत कितीदा तरी येऊन परत गेलो.

त्याने सही केली. खाली 'शेरा' म्हणून रिकामी जागा होती, तिथे मला न विचारता लिहिलं: 'नर माझाच होता. अल्फान्सो खरं बोलत होता.'

कचेरीला हे चालतं का? नसेल तर कोरा अर्ज पाठव, तो पुन्हा सही करायला तयार आहे. हा मात्र मला परत हवा.

माया कमी करू नकोस.

तुझी ताई,
इसिल्डा