देवयानीच्या फोटोतल्या रेघा

२ डिसें. ९६, सोम.
चिमीला शाळेत सोडून परत येताना अण्णांनी स्कूटर रस्त्यातल्या हंपवर आदळली. गुडघा फुटलाय, पण आवाज खणखणीत. "त्याच्यावर पट्टेच मारलेले नाहीत गं!" पट्टे आहेत. मी रोज बघते. चिमी मागे नव्हती म्हणून बरं. डोळे तपासा म्हटलं की घर डोक्यावर घेतात. बाप माझा, पण हट्ट नातीपेक्षा जास्त.

७ डिसें., शनि.
अण्णा नि मी शहराबाहेर, होसकोट्याच्या पुढे माळावर. टॅक्सीत दुर्बिणीची नळी माझ्या मांडीवर. रोलचा पहिला फोटो घरीच उजेडात काढला, चिमीचा. नाहीतर स्टुडिओवाला काळी फिल्म भलतीकडेच कापतो. साडेसातलाच देवयानी उत्तरेला उंच. पुसट डाग नुसता. म्हणे शेजारची आकाशगंगा!
कॅमेरा दुर्बिणीच्या पाठीवर, शटर वीस मिनिटं उघडं. तेवढा वेळ दुर्बिणीतून बघत, आकाश सरकेल तशी स्टँडची चकती फिरवायची आणि एक तारा भिंगातल्या फुलीवर धरून ठेवायचा. तो सरकला की फोटोत रेघा. हे काम कायम अण्णांचं.
"मी करू का?"
"स्वल्प, जरा गप्प बस. तीस वर्षं करतोय."
दुर्बिणीवरची मान हलवली नाही. मग कानडी थाटात "सरी, झालं!" इतके खूश, की माझी चिडचिड गेली.

१३ डिसें., शुक्र.
प्रिंट आले. चिमी झकास. देवयानीच्या फोटोत सगळ्या रेघा, त्याही वेड्यावाकड्या. माझा धक्का लागला असेल... नाही. मी घड्याळ धरून चार हात लांब उभी होते. त्यांना तारा दिसतच नव्हता. मग वीस मिनिटं काय बघत होते?
ऑफिसात दोन चुका. साहेबांची बोलणी.

१५ डिसें., रवि.
दोन दिवस प्रिंट पर्समध्येच. आज उन्हात बसले होते, हातात दिला. जवळ धरला, लांब धरला. बराच वेळ.
"बघ! एकेक चांदणी सुईनं टोचल्यासारखी."
म्हटलं, "अण्णा, सगळ्या रेघा आल्यात."
चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "पुढच्या खेपेला चकती तू धर."
मला रडूच आलं. तसंच विचारलं, "आणि स्कूटर?"
"ती वेगळी गोष्ट."
उठून आत गेले. दाराच्या चौकटीला हात लावून, मग आत.
उद्या सोमवार. चिमीची शाळा साडेआठला.