पाच वेळचं दूध

दुम्यात, शुक्रवार दुपार

प्रिय ईनास,

तमीम झोपलाय, म्हणून लिहायला बसले आहे. तो उठला की पत्र असेल तिथे थांबेल, तेव्हा मध्येच कुठे अक्षर बदललेलं दिसलं तर समजून घे. फोन का नाही केला म्हणशील. एक तर माझ्या हातात फोन दिसला की तो त्याला हवा असतो. दुसरं म्हणजे तुझ्या फोनचा आवाज कायम मोठा, म्हणजे बोलायचं मी तुझ्याशी आणि ऐकायचं तुझ्या नवऱ्याने, अशरफने, आणि त्याच्या आईने. आणि ईदपासून आपण दोघी फोनवर करतो तरी काय? दर शुक्रवारी एकमेकींना गुलाबाची चित्रं आणि दुआ पाठवतो. सख्ख्या बहिणी गुलाब पाठवायला लागल्या की काहीतरी बिनसलंय हे कुणीही ओळखेल.

आधी पोराच्या बातम्या सांगते. बाल्कनीतली ती दोरीची टोपली आठवते ना, जिच्यातून मी खालच्या शलबीकाकांकडून भाजी वर ओढते? तमीमला शोध लागलाय की टोपलीत काहीतरी ठेवून खाली सोडलं की काहीतरी वर येतं. झालं, त्याने दुकानच मांडलं. माझी पाठ वळायचा अवकाश, की रिफअतची चप्पल टोपलीत. मग टीव्हीचा रिमोट, मग माझी मापं घ्यायची टेप. दोरी त्याला सोडता येत नाही, म्हणून कठड्याच्या गजांतून तोंड काढून "काका, काका" असा गजर करतो, आणि मी भाजीसाठी टोपली खाली सोडली की हे सगळं जातं तिच्याबरोबर. शलबीकाका तर काय, त्यांना आयताच खेळ मिळाला. चप्पल परत पाठवतात आणि सोबत एक काकडी. आता ह्या मुलाच्या डोक्यात पक्कं बसलंय की एका चपलेची एक काकडी मिळते. परवा रिफअतचा फोन खाली गेला. शलबीकाका खालून ओरडले, "सुहैरबाई, ह्याच्या कोथिंबिरीच्या दोन जुड्या देतो, जास्त देत नाही, मॉडेल जुनं आहे." अख्खी गल्ली हसली. रिफअतने मुद्दाम तोंड पाडलं, पण रात्री जेवताना तोच किस्सा त्याने मलाच पुन्हा सांगितला, जसा काही मी तिथे नव्हतेच.

बसायच्या भांड्याचं मात्र विचारू नकोस. भांडं आणलं, पिवळं, बदकाच्या तोंडाचं. साहेब त्यावर ऐटीत बसतात, सगळ्यांना हात करतात, टाळ्या वाजवून घेतात, आणि भांडं कोरडं ठेवून उठतात. मग सरळ समोरच्या खोलीत, सोफ्यामागे. तुला माहीतच आहे, समोरची खोली आमची कुठे, ती गिऱ्हाइकांच्या फर्निचरची. गेल्या आठवड्यात तिथे एका नवरीचा सोनेरी संच होता. त्यावर माशी बसली तरी रिफअत कपडा घेऊन धावायचा. तमीमने त्यातल्या सोफ्याच्या एका पायावर आपलं काम उरकलं. मी फडकं घेऊन धावले. रिफअतने खाली वाकून पाहिलं, बोट फिरवलं आणि म्हणाला, "वॉर्निश पक्कं बसलंय, बघ, डागसुद्धा नाही." म्हणजे परीक्षा पोराची नाही, वॉर्निशची झाली. हा तोच माणूस, जो आमच्या लग्नात माझ्या खुर्चीवर कुणी सरबत सांडलं म्हणून माझ्याशीच तासभर बोलला नव्हता.

सध्या त्याचा लाडका शब्द एकच, "नाही". येशील का, नाही. जेवशील का, नाही, आणि हे म्हणताना तोंड चमच्यासाठी उघडं. आंघोळीला जायला नाही, आंघोळीतून निघायलाही नाही. माझ्या सासूबाई, हाज्जा फिक्रिया, मंगळवारी आल्या होत्या. त्याला बूट घालायला त्यांनी पाऊण तास घालवला. शेवटी घाम पुसत म्हणाल्या, "अगदी रिफअतवर गेलाय मेला, हट्ट ह्यांच्या रक्तातच आहे." आणि मग त्यांनाच आठवलं. मी भांडी घासत होते, तिथून वळले नाही. रिफअत वर्तमानपत्रात. त्यांनी दुसरा बूट घालायला घेतला. ज्या बाई त्याला आणलं तेव्हा म्हणाल्या होत्या की संस्थेतून आणलेलं पोर आपलं होत नसतं, त्याच ह्या. मी घासलेलीच भांडी पुन्हा घासली. बरं वाटलं, ईनास. खूप बरं वाटलं.

आता ईदचं. तू म्हणशील कशाला उकरतेस. पण उकरल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. अशरफ जेवताना म्हणाला, "कर, लाड कर. मिसरूड फुटू दे त्याला, मग स्वतःच्याच घरात डोक्याला ओढणी बांधून त्याच्यापुढे चहा ठेवशील. परका तो परकाच." तमीम तेव्हा माझ्या मांडीवर तुझ्या ताटातला भात खात होता. तू मान खाली घालून भाकरी मोडत राहिलीस. मी त्याला उचललं आणि निघाले. मला राग अशरफचा आला नाही. तो बोलतो, त्याला सवय आहे. राग तुझा आला, की तू एवढंही म्हणाली नाहीस की आता पुरे, जेवू दे तिला.

पण घरी आल्यावर रागाखाली जे होतं ते निघालं. तो म्हणाला ते खरं आहे. मला आधीच माहीत होतं. ज्या दिवशी संस्थेत सही केली, त्याच दिवशी मशिदीतल्या शेखांनी समजावून सांगितलं होतं की मुलगा आहे, वयात आला की तू त्याला परकी आणि तो तुला परका, पण दोन वर्षांच्या आत दूध पाजलं तर ते नातं रक्तासारखं, मग पडदा नाही, तेव्हा आत्ताच काहीतरी कर. त्याला झोपताना माझे केस लागतात. अंगठा तोंडात, आणि दुसऱ्या हाताच्या बोटाला माझी बट गुंडाळून ओढत राहतो. कितीही दुखलं तरी मी हलत नाही. उद्या तो बारा-तेरा वर्षांचा होईल, तापाने फणफणेल, आणि मी त्याच्याजवळ जायच्या आधी ओढणी शोधायची? त्याच्या लग्नात त्याला मिठी मारायची नाही? हे त्याला कसं सांगायचं, कोणत्या वयात सांगायचं? रिफअत म्हणतो, तेव्हाचं तेव्हा बघू. पुरुषांना तेव्हाचं तेव्हा बघता येतं. त्याला काय, तो बाप आहे, दोघंही पुरुष, त्यांच्यात काही आडवं येत नाही.

मी काही केलं नाही असं समजू नकोस. हे तुला पहिल्यांदाच सांगते आहे. बाळंत न होताही दूध आणता येतं, असं सांगणारी एक डॉक्टरीणबाई भेटली. गोळ्या घेतल्या, सुया घेतल्या, दिवसभर ते ओढायचं यंत्र छातीला लावून बसायचे. मेथीचं पाणी तर इतकं प्यायले की अंगाला, उशीला, शिवायला आलेल्या कपड्यांनाही मेथीचा वास. एक गिऱ्हाईक ब्लाउज हुंगून म्हणाली, "सुहैर, लोणचं घातलंस का?" रिफअतने रोज सकाळी न चुकता मेथी उकळून दिली. एकदा थेंबभर आलं. खरंच आलं, मी बोटावर घेऊन पाहिलं. रिफअत पायात चप्पल सरकवून मिठाई आणायला निघाला होता, मीच थांबवलं. दुसऱ्या दिवशी काही नाही, त्यानंतरही नाही. डॉक्टरीणबाईंनीच शेवटी गोळ्या थांबवल्या. यंत्र मी शेजारच्या सूनबाईला देऊन टाकलं.

आणि ईदनंतर तुझी रीम जन्मली, तिच्या सातव्या दिवसाच्या सोहळ्याला मी आले नाही, त्यावरून तू रागावलीस. "ताईला एवढंही जमलं नाही," असं तू मावशीजवळ म्हणालीस, मला कळलं. अगं, दारात तुझ्या सासूबाई उभ्या असणार हे मला माहीत नव्हतं का? मूल न झालेली बाई बाळंतिणीच्या खोलीत गेली आणि तिने बघितलं, की बाळंतिणीचं दूध आटतं, हे त्या माझ्यासमोर दुसऱ्या एकीबद्दल बोलल्या आहेत. मी ते मानत नाही. पण समज, तुझं दूध काही कारणाने कमी झालंच असतं, तर जन्मभर ते माझ्या नावावर लागलं असतं, आणि तुझ्याही मनात एखाद्या दिवशी आलं असतं. म्हणून फ्रॉक शिवून मिशब्बक मिठाईच्या डब्यासोबत पाठवला आणि घरी बसले. तो गुलाबी फ्रॉक तिला काखेत घट्ट झाला असेल तर शिवण उसवून घे, आत कापड सोडलंय. फोटोत पाहिली मी तिला. हनुवटी आपल्या आईची आहे.

तो हलतोय, आता पटकन लिहिते. ईनास, मला तुझं दूध हवंय, तमीमसाठी. पाच वेळा, पोटभर. तो दोन वर्षांचा व्हायच्या आत. आणि ते कधी, हेही धड कुणाला माहीत नाही, कारण त्याची जन्मतारीख संस्थेच्या डॉक्टरने दात बघून लिहिलीय, आणि शेख म्हणतात वर्षं चंद्राची मोजायची, तेव्हा वाट बघू नकोस. छातीला लावायची गरज नाही, घाबरू नकोस, त्याला दात आहेत आणि तो चावतो. वाटीत काढून दिलंस तरी चालतं, मी विचारून घेतलंय. आधी रीमचं पोट भरू दे, मग जे उरेल ते. हे पत्र रिफअत घेऊन येतोय, पोर्ट सैदला कपाट पोचवायचंय म्हणून. त्याला आत काय आहे ते माहीत आहे, तेव्हा तो तुझ्या तोंडाकडे बघत बसेल. त्याला चहा दे आणि खाली पाठव, मग सावकाश विचार कर. अशरफला विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस, कारण दूध पाजलंस की तोही त्याचा बाप होतो. त्याला सांग, तू ईदला बोललास ते खरं होतं, म्हणून ताई तुझ्याकडेच मागते आहे. तुझ्या सासूबाईंना काय सांगायचं ते तूच ठरव, मी दाराबाहेर जिन्यात बसेन, आत बघणारही नाही. मग तू त्याची आई होशील, रीम त्याची बहीण होईल, आणि मी त्याची मावशी. मावशीला डोकं झाकावं लागत नाही. तो हाक मला मारेल "आई" म्हणून, पण देवाच्या दारी विचारलं तर आई तू. मला त्याचं काही वाटत नाही, असं लिहिणार होते. वाटतं, खोटं कशाला बोलू. तरी दे.

तुझीच,
सुहैर