आबांच्या पायाचं औषध

बुधवार, ड्युटीवरून आल्यावर

ती बाटली टाकून दे म्हणून आईला हजारदा सांगितलं, पण ऐकंल तर शपथ. आबांच्या पायाच्या जखमेवर ओतायचो ते हायड्रोजन पेरॉक्साइड. ओतलं की फेस चढायचा. आबा म्हणायचे, "फेस आला न्हवं? मग मांस जित्तं हाय." शेवटच्या दिवशी फेस आलाच न्हाई.

आज आईचा गावाकडनं, नेसरीवरनं व्हिडिओ कॉल आला. आबांनी गाठोड्यात बांधून ठेवलेला घेवडा, पेरला तरी उगवत नव्हता. कुणीतरी सांगितलं म्हणून तिनं त्या औषधाचे दोन चमचे पाण्यात घालून बी भिजवलं, धुऊन ओल्या फडक्यात बांधलं. "बघ की रं," म्हणाली, "बी टाकल्याबरोबर फेस आला. अगदी त्यांच्या पायागत." फडक्यात सगळ्या बियांना पांढरे मोड. एकबी मागं राहिलेलं न्हाई. आबा जाऊन वर्ष झालं, बाटलीत अजून एवढा जोर कसा?

"झाक ते, आई," म्हटलं. ती हसत होती.

काल इथं गुजरातेत कारखान्यात टाइलनं माझं बोट कापलंय. फोन ठेवला आणि राहवंना, खालच्या दुकानातनं तसलीच नवी बाटली आणली. बोटावर ओतली. फेस न्हाई. परत ओतली. न्हाई. रक्त तर येतंय. औषधच खराब असंल. असंलच की?

आईला हे बोललो न्हाई. परत फोन लावून एवढंच सांगितलं, बी लावून टाक, मी यायची वाट बघू नको. वेल चढवायला मांडव लागंल, त्यासाठी पाठवतोय दोन हजार रुपये.